खत माझं, पाणी जनूचं

१० फेब्रुवारी १९८७, मंगळवार

जर्मन पाहुणे येऊन गेले. त्यांनी रंगाच्या भट्ट्या पाहिल्या, लॅबमध्ये माझ्या टेबलापाशी दोन मिनिटं थांबले, एकाने माझं रीडिंगही तपासलं आणि मान डोलावली. त्याचं कुणाला काही नाही. कॅन्टीनमध्ये दिवसभर विषय एकच, कुंड्या.

गेटपासून ऑफिसच्या जिन्यापर्यंत एकशेवीस कुंड्या आहेत. क्रोटन, डिफेनबेकिया, कोलियस, थोडे पाम. गेले पंधरा दिवस पानांच्या कडा तपकिरी होऊन वळत होत्या. आज निम्म्या कुंड्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. पाहुण्यांपैकी एकाने वाळकं पान खुडून बोटांत चुरलं आणि काहीतरी म्हणून हसला. आमचे डायरेक्टरही हसले. ते हसले की कुणाचं तरी काही खरं नसतं.

या कुंड्यांचं खताचं वेळापत्रक माझं आहे. गेल्या जुलैत गुप्तेसाहेब, आमच्या लॅबचे प्रमुख, म्हणाले, नीलिमा, तू केमिस्ट आहेस, त्या बागेला जरा शास्त्र शिकव. शिकवलं. आठ इंची कुंडीला दर सोमवारी चमचाभर मिश्रखत. दिवाळीपर्यंत पानं अशी तरारली की खुद्द डायरेक्टरांच्या बाईंनी चार कुंड्या घरी मागवल्या. तेव्हा 'टिपणीसबाईंचं खत' असं कुणी म्हटलं नव्हतं. आज म्हणतायत, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

म्हणू देत. खत मोजून दिलेलं आहे. माझ्याकडे कागद आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

माळी जनू भोईरला निलंबित केलं. सोळा वर्षं आहे तो कंपनीत. पर्सोनेलचे दिघे म्हणाले, ठरवून दिलेलं पाणीसुद्धा त्याने घातलं नाही, कंपनीची मानहानी झाली, चौकशी होईल.

वाईट वाटलं. पण त्याने खुलाशात काय सांगावं? 'पाणी बराबर घातलं. खत जास्त झालं.' म्हणजे माझ्यावर ढकललं. शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस मला खताचं प्रमाण शिकवणार. जुलैतही मी कागद दिला तेव्हा तो चमचा हातात धरून उभा राहिला होता. म्हणाला, "कुंडी म्हणजे वावर नाय, मॅडम. घातलेलं जाईल कुठं?" मी म्हटलं, झाडात जाईल.  सोमवारचं खत तो घालत राहिला, ते मी पाहायची. आणि नंतर नळी सोडायचा! कुंडी भरून वाहीपर्यंत, रोज. खालून पाणी वाहायचं, वाट ओली. नोव्हेंबरात मीच बागेच्या रजिस्टरात लिहिलं की माळी पाण्याचा अपव्यय करतो, त्याबरोबर खतही वाहून जातं. त्यावरून दिघ्यांनी नळी काढून घेतली. दिवसाआड, डबा मोजून पाणी. महिन्याच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक झालं होतं.

आता नळी नाही म्हणून रुसून त्याने डबाही घातला नसणार. दुसरं काय?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, साप्ताहिक सुट्टी

झोपूच शकले नाही नीट. सकाळी उठून ठरवलं. 'बाईंचं खत' म्हणणाऱ्यांना तोंडाने उत्तर द्यायचं नाही. आकड्यांनी द्यायचं.

छत्तीस कुंड्या. एकच झाड, कोलियस, कारण ते झटपट वाढतं आणि काही बिनसलं तर लगेच तोंड पाडतं. खताचे तीन गट: चमचाभर, पाव चमचा, काहीच नाही. प्रत्येकात पाण्याचे तीन गट: रोज भरपूर, रोज बेताचं, आणि कंपनीसारखं दिवसाआड डबाभर. प्रत्येक जोडीला चार कुंड्या. पाच आठवड्यांत सिद्ध होईल की खत बरोबर होतं, पाणी चुकलं.

उल्हासनगर कॅम्प पाचला जाऊन कुंड्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, "शादी में बाँटने का है क्या, मॅडम?" मी म्हटलं, नाही, एका माणसाचं तोंड बंद करायचंय. तो म्हणाला, मॅडम, उसके लिए छत्तीस? आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

बेलवलीच्या आमच्या घराचा मागचा ओटा भरून गेला. माई म्हणाली, कपडे कुठे वाळत घालू? आईला ओट्यावर तीनच गोष्टी दिसतात, कपडे, पापड आणि मी बसलेली असले तर माझं लग्न.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारच्या वाफ्यातली रोपं लावली, सगळी एका उंचीची, चार-चार पानांची. पट्ट्या लावल्या. मोजपट्टी, चमचा, मापाचा डबा, वही. माईला बजावलं की हात लावायचा नाही, कुंडी सुकलेली दिसली तरी नाही, रोप मान टाकून पडलं तरी नाही. ती म्हणाली, "म्हणजे मरताना बघत बसायचं."

"हो. त्यालाच प्रयोग म्हणतात."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं माप. पूर्ण खत आणि भरपूर पाणी, ही ओळ सगळ्यांत पुढे. आठवड्यात दीड इंच! पानं जांभळी, लखलखीत. बिनखताच्या कुंड्या फिकट आणि ठेंगण्या.

बास. आणखी काय पाहिजे? कागद सोमवारी गुप्तेसाहेबांच्या टेबलावर ठेवणार होते, पण पाच आठवडे म्हटलंय तर पाच आठवडे. मी अर्धवट काम करत नाही.

३ मार्च, मंगळवार

संध्याकाळी दारात जनूची बायको मोतीबाई. बदलापूर गावातून चालत आली होती. माईने आत बोलावलं, चहा ठेवला. ती खुर्चीवर बसलीच नाही, उंबऱ्याशी टेकली.

म्हणाली, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या, तुमचं साहेब ऐकतात, एवढं लिहून द्या की पाणी घातलं होतं. मी म्हटलं, मी पाहिलेलं नाही ते कसं लिहू? शास्त्रात असं चालत नाही. प्रयोग चालू आहे, जे निघेल ते निघेल.

तिने ओट्याकडे पाहिलं. छत्तीस कुंड्या मोजल्या असाव्यात, ओठ हलत होते. मग म्हणाली, "बाय, सोला वरीस सकाली उठून आदी त्या झाडांना पानी, मंग घरात चा. पानी नाय घातला असं जो बोलंल त्याच्या तोंडावर मी बोलीन." आणि चहा न संपवता उठली.

माई तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ आली नाही. आल्यावर भांडी जोरात घासली.

मी काय चुकीचं बोलले? कुणी विनवलं म्हणून खोटी साक्ष द्यायची?

९ मार्च, सोमवार

मिळालं. पूर्ण खत आणि दिवसाआड पाणी, या चारही कुंड्यांची पानं कडेने तपकिरी व्हायला लागली. अगदी तशीच! ऑफिसच्या कुंड्यांसारखी, टोकापासून आत वळत. तेच खत, पण भरपूर पाण्याची ओळ मजेत आहे. म्हणजे दोष पाण्याचा. लाल शाईने लिहून ठेवलं. खतावर बोट दाखवणाऱ्यांनी आता ते बोट खिशात घालावं.

१३ मार्च, शुक्रवार

मापं घेतली. एक गोष्ट टोचते आहे, लिहून टाकते.

बिनखताच्या कुंड्या, दिवसाआड पाणी, त्या जिवंत आहेत. ठेंगण्या, फिकट, पण एक पान गळलेलं नाही. पाव चमच्याच्या तर चांगल्याच आहेत. पाणी तेवढंच, डबा तोच, दिवस तेच. मग पूर्ण खताच्याच का वाळतात?

बहुधा मोठं झाड जास्त पाणी मागतं, म्हणून. पण त्या मोठ्याही नाहीत, दहा दिवसांपूर्वीच वाढ थांबली. रोपं मुळात कमजोर निघाली असतील. चारही? असेल.

१६ मार्च, सोमवार

भयंकर भांडण. संध्याकाळी येऊन पाहते तर पूर्ण खत-कमी पाणी ओळीतल्या दोन कुंड्या चिंब, खालून अजून टिपकत होत्या, ओट्यावर ओघळ. दोन शाबूत, दोन चिंब. माईला विचारलं तर म्हणते, तुळशीला घालता घालता चुकून घातलं. चुकून! तुळस पुढच्या अंगणात आहे. किती घातलं? "घातलं असेल बादली-बादली, काल आणि आज." पंचवीस दिवसांच्या प्रयोगाची दोन दिवसांत माती झाली.

मी नको ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन तुझ्या राहिल्यात ना तशाच? मग बघ की."

त्या दोन कुंड्या बाद. वहीत काट मारली.

२० मार्च, शुक्रवार

बाद केलेल्या दोन कुंड्यांत, काट मारलेल्या, शेंड्याला नवी पानं आली आहेत. स्वच्छ, कडा कोवळ्या. शेजारच्या दोन मेल्या. एकीचं खोड दाबलं तर काळं.

चार दिवसांत दोन बादल्यांनी झाड उठतं हे मान्य. तहानलेलं होतं, पाणी मिळालं. पण मग बिनखताचं तहानलेलं झाड वाळलं का नाही?

माईने ओट्याकडे बोट दाखवून तक्रार केली. कुंड्यांतून ओघळलेलं पाणी सुकलं तिथे फरशीवर पांढरे डाग पडलेत, घासून जात नाहीत. मी म्हटलं, विहिरीचं पाणी जड आहे, क्षार असणारच. ती म्हणाली, "त्याच विहिरीचं पाणी मी रोज या ओट्यावर ओतते."

मी खाली बसले. बोटाने डाग खरवडला. जिभेला लावला.

खारट. कडू. माझ्या शेल्फवरच्या पिशवीतल्या खतासारखा.

२१ मार्च, शनिवार

नऊही ओळींमधल्या कुंड्यांना सारखं पाणी घातलं, खालून निथळलेलं बाटल्यांत भरून लॅबमध्ये नेलं. पाण्यात क्षार किती हे सांगणारं मीटर आमच्याकडे आहे, रोज मीच वापरते.

पूर्ण खत, दिवसाआड पाणी: काटा शेवटपर्यंत गेला. पाणी पातळ करून पुन्हा घेतलं. विहिरीच्या पाण्याच्या चौदापट.

पूर्ण खत, भरपूर पाणी: जेमतेम तिप्पट. कारण उरलेलं रोज वाहून जात होतं.

२२ मार्च, रविवार

काल पुढे लिहिलं नाही. आज लिहिते.

जनू नळी सोडून कुंड्या वाहू द्यायचा ते पाणी वाया घालवायला नव्हे. सोमवारी माझं खत घालायचा, कारण तसा हुकूम होता, आणि आठवडाभर ते धुवून काढायचा. दिवाळीला तरारलेली पानं माझ्या चमच्याने नव्हती. त्याच्या नळीने होती. मग मी रजिस्टरात लिहून ती नळी काढून घ्यायला लावली. खत चालूच. कुंडीत क्षार साठत गेले, मुळं भाजली. आणि पाणी घातलं नाही म्हणून निलंबन जनूचं.

तो एका वाक्यात बोलला होता, घातलेलं जाईल कुठं. मी चाळीस दिवस आणि छत्तीस कुंड्या घेऊन तिथेच पोचले.

माईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "हं," म्हणाली. एवढंच.

२७ मार्च, शुक्रवार

स्वतःवर विश्वास नाही म्हणून पुन्हा करून पाहिलं. रोज बेताचं पाणी आणि पूर्ण खत, या ओळीच्याही कडा गेल्या आठवड्यात जळायला लागल्या होत्या. दोन कुंड्या रविवारी धुवून काढल्या, दोन तशाच ठेवल्या. धुतलेल्या सावरल्या. तशाच ठेवलेल्या आज मान टाकून आहेत. मला त्यांना पाणी घालावंसं वाटत होतं. घातलं नाही. आकडा पूर्ण हवा.

पाच आठवड्यांचा निकाल असा: सगळ्यांत निरोगी कुंड्या पाव चमच्याच्या, मग पाणी कमी असो की जास्त. बिनखताच्या हडकुळ्या पण जिवंत. चमचाभर खताच्या बारांपैकी भरपूर पाण्याच्या चार आणि धुतलेल्या चार, एवढ्याच उभ्या.

१ एप्रिल, बुधवार

अहवाल गुप्तेसाहेबांना दिला. सहा पानं. त्यांनी पहिलं आणि शेवटचं वाचलं, चष्मा काढला.

साहेब वाईट माणूस नाही. सहा वर्षांपूर्वी या लॅबमध्ये बाई नको असं सगळे म्हणत असताना त्यांनी मला घेतलं. म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. म्हणाले, हे कुणी मागितलंय का? चौकशी म्हणजे उपचार आहे. जनूला राजीनामा द्यायला सांगणार आहेत, तो देईल, गावात त्याची शेती आहे. तू सीनियर केमिस्टच्या यादीत आहेस. पुढच्या वेळी या लॅबमध्ये बाई घ्यायची म्हटली की लोक तुझं नाव काढतील, कुंड्या मारणारी.

"आणि नाही दिला हा कागद, तर?"

"तर कुणी नाव काढणार नाही."

मी कागद परत घेतला. ते सुटल्यासारखे हसले. त्यांना वाटलं मी समजले. मी जिना उतरून पर्सोनेलमध्ये गेले, आवक टपालाच्या खिडकीत अहवाल दिला आणि पोच मागितली. कारकुनाने शिक्का मारला. ठळक उमटलाय.

८ एप्रिल, बुधवार

चौकशी. दिघ्यांची केबिन, एक बाहेरचे वकील, गुप्तेसाहेब, कोपऱ्यात जनू. पांढरा सदरा इस्त्रीचा, हात मांडीवर. माझ्याकडे पाहिलं नाही.

वकिलांनी विचारलं, खताचं प्रमाण कुणी ठरवलं? मी. पाणी कमी करण्याची सूचना कुणाची? माझी, नोव्हेंबरची नोंद बघा. आरोपीने खताबद्दल आक्षेप घेतला होता का? जुलैतच, माझ्या तोंडावर. मग तुम्ही काय केलंत? दुर्लक्ष. वकील लिहिता लिहिता थांबले आणि दिघ्यांकडे बघू लागले. त्यांना वाटलं असावं की साक्षीदार कुणाच्या बाजूचा ते चुकलंय.

मी चार बशा नेल्या होत्या. चार कुंड्यांचं निथळ सारख्या मापाने आटवलेलं. तीन जवळजवळ कोऱ्या, चौथीत, पूर्ण खत आणि दिवसाआड पाण्याच्या, पांढरा थर, नखाने निघेल इतका जाड. ती बशी मी टेबलावर सरकवली. कुणी हात लावला नाही. जनूने मात्र पुढे वाकून पाहिली.

नंतर दिघ्यांनी मला एकटीला थांबवलं. माझा जबाब टाईप करून आणला होता. वाचला. सगळं बरोबर, फक्त एक वाक्य माझं नव्हतं: 'महिला कर्मचारी असल्याने बागकामाचा प्रत्यक्ष अनुभव नसल्यामुळे अनवधानाने ही चूक घडली.' म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी घातलंय, असं लिहिलं की वर कुणी फार ताणत नाही.

मी पेन उघडून ते वाक्य खोडलं.

"काय करताय?"

"चूक माझी आहे, साहेब. बायकांची नाही."

आणि खोडलेल्या जागी लिहिलं: 'माळ्याने सांगूनही ऐकले नाही, म्हणून ही चूक घडली.' खाली सही केली, तारीख घातली. दिघे म्हणाले, तुम्हाला मदत करणंही कठीण आहे. ते खरं असावं.

१५ एप्रिल, बुधवार

दोन पत्रं निघाली. जनू उद्यापासून कामावर, मधले दिवस हजेरीत धरणार, नळीही परत मिळणार. नीलिमा टिपणीस, लॅबमधून बदली, सांडपाणी विभाग, उद्यापासूनच. सीनियर केमिस्टची यादीही लागली. त्यात मी नाही.

सांडपाणी म्हणजे आवाराच्या शेवटी, तीन टाक्या आणि पत्र्याची खोली. वास असा की डबा खाता येत नाही. गुप्तेसाहेब म्हणाले, वर्षभर काढ, मी परत आणतो. मी म्हटलं, साहेब, तिथेही पाण्यात काय आहे ते मोजायचंच आहे. मीटर घेऊन जाऊ का? नेऊ दिलं.

रडले. इथे लिहायला हरकत नाही. बसमध्ये नाही, घरी, मोरीत नळ सोडून. माईला कळलं असणार, पण ती पाण्याच्या अपव्ययाबद्दल काही बोलली नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार, सुट्टी

बदलापूर गावात जनूच्या घरी गेले. परसात होता, शेवग्याच्या शेंगा काढत. मोतीबाईने पाट दिला. या वेळी मी उंबऱ्याशीच टेकले.

माफी मागायची म्हणून वाक्य पाठ करून गेले होते, ते निम्म्यात विसरले. तरी बोलले. खत चुकलं, नळी मी काढायला लावली, तुम्ही सांगितलं तेव्हा ऐकलं नाही. चौकशीत सगळं लिहून दिलंय, सही केलीय.

जनू ऐकत होता. शेंगांची जुडी बांधून झाल्यावर म्हणाला, "ते बरा केलंत."

मी उठणार, तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, माझं सस्पेनचं कागद गेटच्या बोर्डावर लावलं होतं. दोन महिने. आमच्या गावातली अकरा मानसं हाईत कंपनीत. जाताना वाचत, येताना वाचत. भोईराच्या हयगयीने कंपनीची अब्रू गेली." त्याला ते तोंडपाठ होतं, एकेक शब्द, माझ्या पाठ केलेल्या वाक्यापेक्षा पक्कं. "तुमचं कागद कुठं लागलं?"

"फाइलीत आहे."

"फाइल कोन वाचतं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता.  मी म्हटलं, बोर्डावर लावायला दिघ्यांची सही लागते, ते देणार नाहीत. तो म्हणाला, हां, ते तर हाय. आणि पुन्हा शिडीवर चढला.

घरी येताना सगळा रस्ता मी त्याच्याशी मनात भांडत होते. यादी गेली, लॅब गेली, आता आणखी काय हवं याला? उल्हास नदीच्या पुलापाशी आल्यावर कळलं की यातलं काहीही मी त्याला दिलेलं नाही. ते कंपनीने माझ्याकडून घेतलंय. त्याचं नाव गेटवर गेलं होतं, आणि तिथे अजून रिकामी जागा आहे.

जेवण झाल्यावर माईसमोर बसून लिहिलं. तिने मैद्याची खळ शिजवून दिली.

१८ एप्रिल, शनिवार

पहिल्या पाळीच्या आधी पोचले, सात वाजता. गेटवर वॉचमन नाथा. बोर्डावर खळ लावायला लागले तसा पुढे आला, मॅडम, परमिशन?

"मागितली नाही. दिली असती का?"

नाथाने विचार केला, मग टोपी सारखी करून रस्त्याच्या बाजूला तोंड करून उभा राहिला.

मजकूर असा आहे, मोठ्या अक्षरात, मराठीत:

'सर्व कामगार आणि अधिकाऱ्यांना. ऑफिसच्या कुंड्या जनू भोईर यांच्या हयगयीने मेल्या नाहीत. त्यांना खत जास्त झालं होतं. खताचं प्रमाण मी ठरवलं होतं. जनू भोईर रोज भरपूर पाणी घालून ती झाडं वाचवत होते. ते पाणी मी बंद करायला लावलं. त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. नीलिमा टिपणीस, केमिस्ट.'

तिथेच उभी राहिले. आत पळून जायची इच्छा झाली, गेले नाही. पहिली पाळी आली. लोक थांबले, मागच्यांनी पुढच्यांना वाचून दाखवायला लावलं. कुणीतरी शीळ घातली. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाला, बाईचं डोकं फिरलंय. मी त्याला म्हटलं, शुद्धलेखन चुकलं असेल तर सांगा. तो आत निघून गेला.

बदलापूर गावचे लोक घोळक्याने आले. त्यांत जनू. त्याने वाचायला वेळ घेतला, ओळीखाली बोट धरून.  कागदाचा खालचा कोपरा सुटून फडफडत होता, तो त्याने अंगठ्याने दाबून बसवला, नीट बसेपर्यंत धरून ठेवला, आणि नळी आणायला बागेकडे गेला.

साडेअकराला दिघे स्वतः आले. खळ सुकली होती, कागद सरळ निघेना, तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला. सोमवारी मला मेमो मिळणार आहे, नियमबाह्य सूचना लावल्याबद्दल.

मिळू दे. लिहिताना खाली कार्बन घातले होते. चार प्रती निघाल्या. तीन माझ्याकडे आहेत, आणि खळ माईने पातेलंभर केली आहे.